डेल्फिनच्या मुली

आगाशी,
१२ फेब्रुवारी १९८४

प्रिय डेल्फिन,

परवा तुळिंजच्या बाजारात केळी उतरवली आणि तुला न कळवताच तुझ्या शाळेकडे वळलो. तासभर कुंपणाबाहेर उभा होतो. हाक मारली नाही. तू मैदानावर मुलींना खेळ शिकवत होतीस आणि मला ते बघायचं होतं.

या मुलींनी दिवाळीपर्यंत व्हॉलीबॉल पाहिलाही नव्हता असं तू सांगितलं होतंस. एक बारकी पोर चेंडू आला की डोळेच मिटायची. तू रागावली नाहीस. तिच्यापासून दोन पावलांवर उभी राहून चेंडू हळूच टाकत राहिलीस, हात जुळवून तो मनगटाच्या वर कसा घ्यायचा ते दाखवत राहिलीस. विसाव्या-पंचविसाव्या खेपेला चेंडू नीट तुझ्याकडे परत आला, तेव्हा ती पोर आपल्याच हातांकडे बघत राहिली.

मग एक आई तणतणत आली. मुली तिला भागूबाई म्हणत होत्या. "पोरीचं हात लाल झालंत, घरी पानी कोन भरनार?" तू वाद घातला नाहीस, चेंडू तिच्याच हातात दिलास. लुगडं खोचून तिनं मारलेला चेंडू जाळीपार गेला. पोरींनी टाळ्या पिटल्या आणि ती बाई तिथंच बसून उरलेला खेळ बघत राहिली. घरी आल्यावर तुझ्या आईला मी हे दोनदा सांगितलं.

शेवटी तू संघात निवडलेल्या मुलींची नावं वाचलीस. जिजा नावाच्या एका मुलीचं नाव त्यात नव्हतं, ती रडायला लागली. तू तिला जवळ घेऊन म्हणालीस, "नववीत असताना जिल्ह्याच्या संघात माझंही नाव आलं नव्हतं. मी खेळ सोडला का?"

ते ऐकून मी तुला न भेटताच निघालो. डेल्फिन, तुझं नाव आलं होतं. तू नववीत असताना दिवाळीच्या सुट्टीत ठाण्याच्या जिल्हा कचेरीतून पोस्टानं निवडीचा कागद आला. शाळा बंद, तुमचे सर बदलून गेलेले, तू मावशीकडे. मुलगी सामन्यांसाठी आठ दिवस परगावी राहणार, लोक काय म्हणतील, या भीतीनं मी तो चुलीत घातला आणि निवड झाली नाही म्हणून तुला सांगितलं. तू दोन दिवस धड जेवली नाहीस. तिसऱ्या दिवशी पुन्हा भिंतीवर चेंडू मारायला लागलीस. आपण कमी पडलो असं समजून इतकी वर्षं दुप्पट मेहनत घेतलीस. आज जी काही आहेस ती माझ्यामुळे नाहीस. रविवारी घरी यायचं की नाही ते तू ठरव. पण तू निवडली गेली होतीस, एवढं तुला ठाऊक असायला हवं.

तुझाच,
पप्पा