पिवळ्या दिव्याखालच्या पाली

३ सप्टें., डोंबिवली
एम.एस्सी.चा प्रोजेक्ट: घरातली पाल काय खाते. मॅडमचा दम: नुसतं बघ, लिही, मध्ये पडू नकोस. गॅलरीच्या ट्यूबखाली एक मोठा नर, नाव ठेवलं दादा. तीन पिल्लं. दादाने आज पतंग धरला, भिंतीवर आपटून आपटून मारला. पंख आईच्या ताटात! झालं, आई भडकली.
"उद्या झाडूच घेते. एकेकीला संपवते."

५ सप्टें.
आईशी तह. मी ट्यूब काढून किडे न येणारा पिवळा बल्ब लावला, तिने झाडू ठेवला. पाली वाचल्या. काय हुशार मी!

९ सप्टें.
किडे बंद म्हणजे पालींचं जेवण बंद. हे माझ्या टाळक्यात कसं आलं नाही? दादा आता मुंगळ्यांवरही धावतो.

११ सप्टें.
८.४०. दादाने पिल्लू खाल्लं. डोक्याकडून. शेपटी बराच वेळ तोंडाबाहेर वळवळत होती. आणि मी वेळ टिपत बसलेले. लाज वाटली. मॅडमना फोन. "छान निरीक्षण!" छान??

१२ सप्टें.
बल्ब काढेपर्यंत दुसरंही गेलं, डोळ्यांदेखत. ट्यूब परत लावली. आई बडबडली, पण लावू दिली. उरली फक्त तिसरी, छोटी. सबमिशन गेलं खड्ड्यात, ही जगली पाहिजे.

१४ सप्टें.
संध्याकाळी गॅलरीत गेले तर छोटी नाही. दादा एकटाच, गिळत होता. काय, ते दिसलं नाही. मी झाडू हाणला. मी! तो खाली पडला, शेपटी तुटून बाजूला उड्या मारतेय. आई किंचाळली, "अगं, लक्ष्मीपूजनाला पाल दिसावी म्हणून आपण भिंती धुंडाळतो, आणि तू मारतेस?"
"तूच मारणार होतीस ना?"
"मी नुसतं म्हणते गं!"
एका फटक्यात भागलं असतं. मी तीन मारले.

१६ सप्टें.
छोटी अजून नाही. ट्यूबभोवती किडेच किडे, खायला कोणी नाही. दादा स्पिरिटच्या बरणीत. मॅडम: "पोट उघड, कळेल." ब्लेड काढून ठेवलं. आई, जी पालीच्या नावाने अंग चोरते, ती शेजारी येऊन बसली.
"उघड गं. नसेल ती आत."
"आणि असली तर?"
अर्धा तास झाला. झाकण अजून तसंच आहे.