खंड दुसरा, मुक्काम अकोला

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.
चहासोबत बंदुकांच्या संगिनींच्या हल्ल्याचं वर्णन वाचलं. चौदा मिनिटांत दोनशे गारद. अंगावर काटा. तेवढ्यात पोहेही गार.
अकोल्याहून मास्तरांच्या पत्नी मैनाबाईंचा फोन. वामनराव मास्तर गेले, तेरवीही झाली. युद्ध-इतिहासातला माझा सर्वांत जवळचा मित्र. (भेट चार वर्षांत नाही. खऱ्या मैत्रीला भेटी लागत नाहीत.) बाई म्हणाल्या, पुस्तकं देऊन टाकाची हायेत, ज्याले वाचाची त्यानं न्यावी.
म्हणजे रणगाडा-युद्धाच्या इतिहासाचे खंड दोन आणि तीन! पहिला माझ्याकडे अकरा वर्षं आहे. संच पुरा झाला की अमरावतीत माझ्या तोडीचा संग्राहक नाही. आताही नाही.

८ जानेवारी, बुधवार.
शत्रू निष्पन्न झाला. नत्थुजी. अकोल्याजवळ फ्लॉवर लावतो, विकतो. त्यालाही हीच पुस्तकं हवीत म्हणे. फ्लॉवर कापणाऱ्या माणसाला रणगाडे कशाला?
शनिवारी पहाटे अचानक हल्ला. पहिली एसटी साडेपाचची. शकुन म्हणाली, "फोन करून मांगून घ्या ना." बायकोला व्यूहरचना कळत नाही.
आजपासून रोज पन्नास जोर. आज दोन. दुसरा अर्धा.

११ जानेवारी, शनिवार. सकाळी ९.४०, मूर्तिजापूर स्टँड.
गजर वाजला होता. पण विचार केला, शत्रू पहाटेच वाट बघणार. म्हणून मुद्दाम झोपलो.

त्याच दिवशी, दुपारी २. अकोला, दवाखान्यातलं बाकडं.
अक्षर वाकडं येतं आहे. रागानं.
पोचलो तर नत्थुजी मास्तरांच्या खोलीत बसून पुस्तकं सुतळीनं बांधत होता. मी म्हटलं, यांच्यावर माझा हक्क. तो म्हणाला, "घ्या ना भाऊ. फक्त दोन नंबरचं राहू द्या. थे अर्धंच झालं."
अर्धंच झालं! याचं!
तो गठ्ठा उचलायला वळला. मी खंड दोन घेतला. अकराशे पानं, जाड पुठ्ठा. दोन्ही हातांनी मागून डोक्यात हाणला. दगडावर नारळ फुटावा तसा आवाज. कानावरची कातडी फाटली. रक्त मानेवरून सदऱ्यात, सदऱ्यावरून पुस्तकावर. बरं वाटलं, हे नमूद करतो.
पुस्तकांत माणूस अशा वेळी पडतो. हा पडला नाही. वळला. नुसता बघत राहिला. मग एकच हात. रोज पहाटे फ्लॉवर कापणारा हात.
मी कपाटावर आदळलो. वरून खंड तीन माझ्या तोंडावर. समोरचे दोन दात गेले, एक सापडला. तरी माघार नाही. आडवा असतानाच त्याच्या पोटरीला चावलो. गनिमी कावा. उरलेल्या दातांनी.
मैनाबाईंनी दोघांवर बादलीभर पाणी ओतलं. "कुत्र्यावानी काहून लढून राहिले रे! त्याईले जाऊन महिना नाही झाला!"
यावर नत्थुजी रडला. शत्रूचं मनोधैर्य खचल्याची नोंद घेतली.
मग त्यानंच मला भाजीच्या टेम्पोत पुढे बसवलं. एका हातानं स्टिअरिंग, दुसऱ्यानं डोक्याला दुपट्टा दाबून धरलेला. त्याला सात टाके. डॉक्टरला म्हणाला, दोघंबी शिडीवरून पडलो. मला घाबरला.
मोहीम अनिर्णित. हाती पुस्तक एकही नाही.

१३ जानेवारी, सोमवार.
तोंड सुजून भोपळा. शकुनला सांगितलं, तिघं होते, दोघांना लोळवलं. तिनं आधीच मैनाबाईंना फोन केलेला. नुसती पेज समोर ठेवली आणि बोलली: मास्तरांचे डोळे तीन वर्षांपूर्वी गेले. दर रविवारी बाजार आटोपून नत्थुजी यायचा, मोठ्यानं वाचून दाखवायचा. दुसरा खंड अर्ध्यावर असताना मास्तर गेले. उरलेला तो एकटा वाचून संपवणार होता.
डोळ्यांचं मला कोणी कळवलं नाही.
फोन करायला हवा होता, असं नाही. त्यांनीही केला नाहीच.
पेज अळणी होती.

१९ जानेवारी, रविवार. सकाळी १०.
नत्थुजीचा फोन. तहाची कलमं तयार ठेवली होती. त्यानं आधी दातांचं विचारलं. मीही टाक्यांचं विचारलं. बरे हायेत म्हणाला.
मग म्हणाला, "भाऊ, दोन नंबर काल झालं. तुमच्यासाठी बांधून ठेवलं, मंगळवारी कोनाच्या हाती धाडतो. पन आमी सुरूच दोनपासून केलं होतं. एक नंबर मास्तराजवळ नोतं. थे म्हनत, गोपालभाऊजवळ हाय, तो येईन तवा सांगन. रस्ता पाह्यत तुमचा." पुढे म्हणाला, "तं तेवढं सांगा न भाऊ. हे लढाई लागलीच काहून?"
मी म्हटलं, कारणं अनेक आहेत. गुंतागुंतीची आहेत. सविस्तर कळवतो.
"कळवा," म्हणाला. "घाई नाही."
फोन ठेवला. कपाटापुढे उभा राहिलो. वरचा कप्पा, डावीकडून पहिलं. काढलं. दुकानातलं प्लास्टिक अजून तसंच.
शकुनला कात्री मागितली. "कायले?" म्हणे.
दार लावून प्लास्टिक कापलं, पान पहिलं उघडलं.