पलंगामागचं निळं दार

३ जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

दुसऱ्याच्या घराचं दार उचलून आणलं, तर त्याला चोरी म्हणायचं की वसुली? घरातली पहिली पदवीधर मी, पण मला उत्तर देता येत नाही.

परवा वसतिगृह सोडून घरी आले, तर पलंगामागे शेजारच्या शिवणमावशीचं निळं दार. तुम्हीच बनवलेलं. मला वाटलं, रंगवायला आणलं असेल! आईनं मान वर न करता सांगितलं की मावशीचे हप्ते थकले, म्हणून गटातल्या चौघींनी ते काढून आणलं. मामा, त्या चौघींत आपली आई! कंपनी पाच जणींना मिळून कर्ज देते. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांनी भरायचा, तोवर हप्तेवाला ओट्यावरून हलत नाही. घेतलं त्याच्या दीडपट प्रत्येकीनं भरलंय, तरी निम्मं कर्ज उभंच.

मावशीनं चौकटीला साडी बांधलीय. आत तिच्या दोन मुली झोपतात.

आईला तुम्हीच समजवा. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची भाची

८ जून

चि. बाईसाहेबांस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून रंधा खाली ठेवला, तो दिवसभर उचलवला नाही. घरात शिरलेलं मांजरसुद्धा न हाकलणारी माझी ताई!

तुला सांगायचं नव्हतं, पण सांगतो. ते कर्ज तिनं तुझ्या शेवटच्या वर्षाच्या फीसाठी काढलं. गट बुडाला तर मुलीला कुठे नोकरी लागू देणार नाही, असं हप्तेवाल्यानं तिच्या डोक्यात भरवलंय. तिच्याशी भांडू नकोस. तुझ्या हातून एक स्क्रू फिरत नाही आणि निघालीस जग सुधारायला!

आमची आठवण ठेव.

मामा

१३ जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

फीचं वाचलं. म्हणजे ते दार माझ्यापायी उचललं गेलं. आईला म्हटलं, परत देऊ. ती म्हणाली, आधी हप्ता.

म्हणून काल भर दुपारी, सगळ्या बायकांच्या देखत, मी आपल्याच घराचं दार काढलं. स्क्रू फिरतात, मामा! आपलंही दार मी भिंतीला टेकवलं आणि आईला सांगितलं की मावशीचं लागल्याशिवाय हे लागणार नाही. आई उंबऱ्यात बसून राहिली. संध्याकाळी उठली, निळ्या दाराचं एक टोक उचललं आणि मला खडसावलं की दुसरं टोक धर, पदवी घेतलीस म्हणून हात झडले का. मावशीच्या मुलींनी साडी सोडली. दार बसवेपर्यंत आई खांदा लावून उभी होती.

आपलं दार मात्र मी अजून लावलेलं नाही. बुधवारी हप्तेवाला येईल, त्याला ते वाजवायचा त्रास नको; मी उंबऱ्यातच बसलेली असेन.

आम्हा दोघींवर लोभ असू द्या.

तुमची भाची