माझ्या पुढ्यातले वाल

नाना, तुम्ही चुलीपुढे परात घेऊन बसायचात आणि मोड आलेले वाल सोलता सोलता आमचे पाठ ऐकायचात. चुकलं की ओरडणं नाही. आणखी मूठभर वाल आमच्या पुढ्यात सरकवायचे. सुट्टीत मी मुंबईच्या कॉन्व्हेंटातून शहापूरला यायचे, तेव्हा माझ्या पाटावर ती असायची, मुरबाडहून आपल्या घरी शिकायला राहिलेली तुमची विद्यार्थिनी. तिच्यापुढचा ढीग कधी वाढायचा नाही. "हिचं बघ, सालाबरोबर दाणा जात नाय," तुम्ही म्हणायचात. मी तुमची लेक, पण मामांनी मला बोर्डिंगात घातलं, सिस्टरांनी इंग्रजी दिलं. तिला तुम्ही मिळालात.

पुढे आम्ही दोघी एकाच कॉलेजात गेलो. लढाईची वर्षं होती. इंटरच्या पहिल्या टर्मला आई अंथरुणाला खिळली म्हणून मी घरी आले, आणि त्याच महिन्यात मुदतीच्या तापानं तिलाही मुरबाडला नेलं. तुम्ही रजा काढून कॉलेजच्या कचेरीत चौकशी करून आलात. मी स्वयंपाकघरात शिरते तर परातीशेजारी तुमच्या वळणदार अक्षरातला अर्ज वाळत पडलेला. तिचा. एका टर्मची गैरहजेरी माफ व्हावी, नाव पटावर राहावं. त्याच्याजवळ एक कोरा कागद.

"बस गो," तुम्ही म्हणता. "तीन वाटा आहेत. तिच्यासारखी टर्म सोडायची, जूनमध्ये त्याच वर्गात बसायचं. नाय तर घरी अभ्यास करून बायकांच्या विद्यापीठाची परीक्षा द्यायची. नाय तर नाव काढायचं. पण एकदा काढलं की परत घेतील का, ते कारकून सांगत नाय."

"तिचा अर्ज लिहून पण झाला?"

"तिनं पत्रानं कळवलं होतं. तुझं तू सांग."

आतून आई ओरडते, "माझ्यापायी काय सोडू नको गो! मी तुमाला दोघांना पुरून उरेन."

"माझं नाव काढा," मी म्हणते.

"उपटलेलं रोप फार वेळ बांधावर ठेवता येत नाय. उद्या सांग."

"आत्ताच लिहा."

मला वाटलं होतं, तुम्ही रागवाल, कागद भिरकावाल, माझ्यासाठी निदान माझ्याशी भांडाल. तुम्ही लिहिलंत. बोटं ओली होती, माझ्या नावावर शाई पसरली. दिवाळीला आई उठून सापगावच्या शेतावर गेलीसुद्धा.

ती बरी होऊन आली तेव्हा तिनं विचारलं, "का गो सोडलंस?" मी म्हटलं, "नानांनी नाव काढलं." एवढंच. ती तुमच्या पाया न पडता निघून गेली, आणि मग आलीच नाही. तुम्ही ओटीवर बसून रस्त्याकडे बघायचात. "मुरबाडची पोर विसरली आमाला," म्हणायचात. मी समोर वाल सोलत असायचे, आणि नाना, मला बरं वाटायचं. परात आता आपल्या दोघांचीच होती. तुम्ही गेलात त्या दिवशी ती दारापर्यंत आली, आत आली नाही.

परवा ती मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. सत्काराला उत्तर देताना म्हणाली, "मला घडवलं माझ्या गुरुजींनी. पण त्यांनी स्वतःच्या मुलीला..." आणि थांबली. मी पहिल्या रांगेत होते. सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या.

माझ्यामागे कुणाला काय द्यायचं, ते सुनेला सांगून ठेवलंय. तुमचं पेन आणि पितळी दौत मुरबाडला, तिच्या हातात. समासात तुमच्या खुणा असलेला शब्दकोशही तिलाच. परात सुनेनं ठेवावी, तिच्या हातचं वालाचं बिरडं चांगलं होतं. पाट कुणालाही द्या.

हे पत्र तिच्या पुडक्यात घालायचं म्हणून लिहायला घेतलं. दोनदा घडी घातली, दोनदा काढलं. आता ते परातीखाली आहे. खरं काय ते कळलं तर ती तुम्हाला परत घेऊन जाईल, नाना, आणि अजूनही मला ते सोसायचं नाही.