शुक्रावरचं ऊन आणि कमलची गोधडी

माकणी, १२ एप्रिल १९८२

तीर्थरूप महांतप्पा मामांना, आपला भाचा (आणि अजून तरी जावई) बसवराज याचे शरणु शरणार्थी. आपला गुडघा कसा आहे? मुरूमच्या विहिरींना पाणी आहे का? आमच्या विहिरीत दुधाचे कॅन बुडतील एवढंच उरलंय. कमल सुखरूप पोचली असेलच. ती गोधडी घेऊन माहेरी का आली, हे तिनं सांगितलं असणार, आणि ते खरं आहे. पण आधी शुक्राबद्दल लिहितो, कारण सगळं तिथून सुरू झालं.

गेल्या महिन्यात रशियाचं व्हेनेरा तेरा नावाचं यान शुक्रावर उतरलं. पहाटे दिसते ना ती चांदणी, तिच्यावर! तिथं साडेचारशे अंशांच्या वर उष्णता आहे. शिसं वितळतं, मामा. हवेचा दाब आपल्या एकोणनव्वदपट, आणि ढग गंधकाच्या तेजाबाचे (दुष्काळातसुद्धा असले ढग कुणी मागणार नाही). यानानं पॅराशूट बरंच वर असतानाच सोडून दिलं, कारण हवाच इतकी दाट की तीच त्याला सांभाळून खाली आणते. आधीची काही यानं तर जमिनीला टेकण्याआधीच चेपली होती. याच्याकडून अर्ध्या तासाची अपेक्षा होती. पठ्ठ्या एकशे सत्तावीस मिनिटं तगला, रंगीत फोटो पाठवले, दगड खरवडून तपासला आणि मगच गप्प झाला. पेपर वाचता वाचता मी दूध सोसायटीच्या कचेरीत चक्क उठून उभा राहिलो. ते बांधणाऱ्यांचे पाय धरावेत असं वाटलं.

त्यांची अक्कल अशी की उष्णतेशी भांडायचंच नाही. उतरण्याआधी यान आतून गार करायचं, त्यावर जाड आवरण घालायचं आणि उष्णतेला दारात ताटकळत ठेवायचं. आमच्या सोसायटीचं दूध टेम्पोनं तालुक्याला पोचायला दोन तास, म्हणजे यान तगलं जवळजवळ तेवढेच. मार्चपासून ते तीनदा नासून परत आलं होतं, आणि विठाबाईसारख्या एका म्हशीवर घर चालवणाऱ्या बायांसमोर मला, सेक्रेटरीला, मान वर करता येत नव्हती. मग पहाटे कॅन विहिरीत सोडून गार केले आणि गोधड्यांत गुंडाळले. गोधडीनं ऊबच येते यावर सगळ्या गावाचं एकमत होतं. चेअरमन तात्यारावांनी विचारलं, "बसवराज, दुधाला हिवताप आलाय व्हय?" मी शुक्राचा दाखला दिला. तिथं सोसायटी न्हाय, म्हणाले.

घरातली सगळ्यात जाड गोधडी मी न विचारता उचलली. मामी गेल्यावर त्यांच्या इरकली लुगड्यांची कमलनं स्वतः शिवलेली. मला ठाऊक होतं, मामा, खोटं लिहीत नाही. पण त्या वेळी मला फक्त तिचे सात थर दिसत होते. दोन दिवस दूध गोड पोचलं. तिसऱ्या दिवशी टेम्पोचा टायर फुटला, तीन तास उन्हात गेले, कॅनचं झाकण निसटलं आणि अर्धं दूध गोधडीत मुरलं. (मी दोनच तासांचा हिशेब धरला होता.) घरी आणली तेव्हा माझ्याआधी वास पोचला. कमल भांडली नाही. गोधडी नाकाशी धरून एवढंच म्हणाली, "आईचा वास गेला की हो हिच्यातला." आणि दुपारची एस.टी. धरली. भांडली असती तर बरं झालं असतं.

आपला,
बसवराज

ता. क. शेजारच्या इरम्मा म्हणतात, रिठ्याच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवली तर आंबूस वास जातो. तशी धुतल्यावर गोधडी आठवडाभर सोसायटीला मिळेल का?

ता. क. २. वरची ओळ वाचू नका. कॅनना आता पोती आणि कडबा बांधलाय, दूध गोड पोचतंय. गोधडी कमलची आहे.

ता. क. ३. ते यान परत आणायचं नव्हतंच, म्हणून त्यांना जमलं. मला कमल परत हवी आहे. रविवारी मुरूमला येतो. तिला म्हणावं, दारात ताटकळत ठेव. दोन तासांच्या वर तगेन.