पाळण्याची नोटीस

७८६

शिरूर (घोडनदी), ता. ११ नोव्हेंबर १९६१, शनिवार, सकाळचे सव्वाआठ

वडील भगिनी हमीदाआपा यांच्या सेवेशी धाकटा भाऊ सुभान याचा अदबीनं सलाम. तुमचे गुडघे कसे आहेत? (डावा जास्त दुखतो की उजवा, ते दुल्हाभाईंना स्पष्ट लिहायला सांगा. मागच्या पत्रात त्यांनी नुसतं 'पाय' लिहिलं होतं, त्यावरून काही बोध होत नाही.) इकडं तुमची भावजय मदिना खुशाल आहे, शिवणयंत्र खुशाल आहे, दोघांच्या कृपेनं मीही.

पत्रास कारण की, झबली-टोपडी शिवून नेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी जो पाळणा छापून देतो, तो तुम्हाला माहीतच आहे. कडवी बारा, ओळी चोवीस, खाली 'कर्ता : सुभान टेलर, शिरूर'. तोच पाळणा तुमच्या दौंडच्या एका छापखान्यानं (नाव लिहीत नाही, प्रकरण सरकारदरबारी जायचं आहे) चोपडीत घातला आणि खालची कर्त्याची ओळ तेवढी गाळली. आपा, चौथी शिकलेल्या या माणसाच्या नावावर ना जमीन, ना घर. नावावर आहे तो एवढा पाळणा. तेव्हा ठरवलं, दिल्लीला त्याची नोंदणी करायची. आता तसा कायदा झाला आहे, त्याला कॉपीराइट म्हणतात.

वकिलांचे कारकून हौसराव यांनी इंग्रजी फॉर्म वाचून मला मराठीत सांगितला. त्यात असं आहे, की या कृतीत ज्याचा म्हणून हितसंबंध असेल, त्या प्रत्येकाला अर्जदारानं नोटीस द्यावी. हौसराव म्हणाले, "सुभानभाई, त्या छापखान्याला एक धाडा आन् मोकळं व्हा." पण प्रत्येक म्हणजे प्रत्येक. कापड बेतताना मी पाव इंच सोडत नाही, तर कायदा कसा सोडू? कुठल्या कडव्यात कुणाचा शब्द आला ते आठवून यादी केली आणि सायकलवर निघालो.

पहिलं निमोणे, यादीतल्या अनसाबाईंचं घर. 'नोटीस आणलीय' एवढं कानावर पडल्याबरोबर त्यांचे चिरंजीव सर्जेराव मागच्या दारानं तुरीत पळाले (त्यांचा बांधाचा तंटा चालू आहे, हे मला काय ठाऊक) आणि मी परत फिरेपर्यंत बाहेर आले नाहीत. अनसाबाईही कागद उंबऱ्याच्या आत घेईनात. मग मी अंगणात उभा राहून नोटीस वाचली, पाळण्यासकट. ही माझी चूक झाली. बाया जमल्या आणि जी ती म्हणू लागली, हे कडवं आमचं. एकीची आजी गायची, दुसरीची जाऊ. दुसऱ्या दिवशी कवठे येमाईला तीच गत. तिथल्या बानूबाई तर म्हणाल्या, "पाळणा काय शिवलेला झगा हाय व्हय मास्तर, एकाच्याच अंगात बसायला?" (त्यांचाही पोच म्हणून अंगठा घेतला.) दोन गावं मिळून माझ्या बारा कडव्यांना एकवीस मालकिणी झाल्या.

फक्त पाचव्या कडव्यावर कुणी हक्क सांगितला नाही.

मामा आला पाचव्या दिशी, पाय झाडू नका दारी
धुळीसंगं आलं चालत माहेर माझ्या घरी

हे मी निमोण्याच्या अंगणात वाचलं. अनसाबाईंनी डोळ्याला पदर लावला, मग माझ्याकडं रोखून बघितलं. "मास्तर, हे बाप्याचं न्हाई. सासरी नांदलेल्या बाईचं हाय. कुणाचं ते बोला."

आपा, तुमची अकिला पाळण्यात होती तेव्हा मी सर्व्हिस मोटारीनं दौंडला आलो आणि उंबऱ्याशी पाय झटकू लागलो. तुम्ही झोका देता देता हे म्हणालात, मी कोपऱ्यात बसून टिपून घेतलं. चार वर्षांपूर्वी अकिलाच्या लेकीला पाळण्यात घातलं, तेव्हा मी छापील कागद वाटले. सगळ्या बायांनी याच कडव्याची तारीफ केली आणि मी म्हणालो, सुचलं झालं. तुम्ही तिथंच होता. रागावला असता तर बरं झालं असतं. तुम्ही मला चहा आणून दिलात, साखर जास्त घालून. त्यानंतर शिरूरला आला नाहीत. गुडघे दुखतात असं कळवता. दुखत असतीलच. पण अनसाबाईंना मी सांगितलं, तेच इथं लिहितो: ते कडवं माझ्या बहिणीचं आहे.

त्यावर त्या म्हणाल्या, "आमाला सांगून काय उपेग? तिला सांगितलं का?"

दुल्हाभाईंना सलाम, अकिलाला व तिच्या लेकीला दुवा.

आपला,
सुभान

ता. क. १ : हे पत्र हीच तुमची नोटीस समजावी. अनुक्रमांक तेवीस. (बावीसवर छापखाना आहे.)

ता. क. २ : फॉर्मात कर्त्याच्या रकान्यात 'हमीदा व सुभान' असं लिहवून घेतलं आहे. हौसराव म्हणतात, एवढा घोळ घातल्यावर दिल्लीवाले अर्ज परत धाडतील. धाडू देत.

ता. क. ३ : हरकत असल्यास ती टपालानं घेतली जात नाही. हरकतदारानं स्वतः शिरूरला येऊन, किमान आठ दिवस मुक्काम करून, तोंडी सांगावी लागते. हा नियम फॉर्मात नाही, मी घातला आहे. आणि हरकत नसली, तरी तसं सांगायला यावंच लागतं.