अण्णांचा नंबर कोण मागे नेतं?

४ मार्च
माझ्या वडिलांचा, अण्णांचा नंबर पुन्हा मागे गेला! गेल्या आठवड्यात नववा होता, आज एकविसावा. खुब्याच्या ऑपरेशनची यादी आहे की सापशिडी? आणि यादी सांभाळणारा प्रोग्रॅम कोणी लिहिला – मी आणि माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मिश्याने! आमचे साहेब सोडले तर अख्ख्या इस्पितळात यादीला हात लावू शकणारे आम्ही दोघंच. मी लावलेला नाही. उरलं कोण?

५ मार्च
मिश्याच्या सासूबाई सातव्या! त्याच यादीत, त्याच खुब्यासाठी. त्यांचं नाव अण्णांच्या कितीतरी नंतर घातलंय. मला पक्कं आठवतं, "आता वर्षभर थांबा" म्हणत तो तोंड पाडून बसला होता.

विचारलं तर म्हणतो, "अगं, पुढच्यांची होत असतील, म्हणून सरकल्या." मिशीवरून हात फिरवत! चोराच्या मनात चांदणं.

अण्णा हल्ली पलंगावरून उठताना वहिनीला हाक मारतात. आयुष्यात कधी कोणाला हाक मारली नाही या माणसाने. वहिनी म्हणाली, "ताई, स्वतःच्या इस्पितळात तुमचं एवढंही चालत नाही?" मिरची झोंबली. पण चुकीचं काय बोलली?

८ मार्च
पाळत ठेवली. मिश्या चहाला उठला की त्याच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर डोकावते. काही सापडत नाही. म्हणजे लपवतो नीट.

९ मार्च
राहवलं नाही. साहेबांना सगळं सांगितलं – सासूबाई, नंबर, मिशी सोडून सगळं. दुपारी त्यांनी मिश्याला कॉम्प्युटरवरून उठवून स्टोअरमध्ये पाठवलं. जाताना म्हणाला, "मला एकदा नीट विचारायचंस तरी." विचारलं होतं की!

तरी संध्याकाळभर जीव लागला नाही कशात.

११ मार्च
मिश्या स्टोअरमध्ये. यादीला हात लावणारी मी एकटी. आणि अण्णा बत्तिसावे!!

१२ मार्च
सापडलं! कपाळ माझं!

फोनवाल्या बाई रोज यादीतल्या लोकांना फोन करतात – तब्येत कशी आहे, बोलावलं तर येणार ना, वगैरे. त्यांच्या सोयीसाठी मिश्याने एक फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा छोटा तुकडा, लिहिलं होतं. जो फोन उचलत नाही त्याचं नाव शेवटी टाकायचं, म्हणजे बाई बाकीचे उरकून त्याला पुन्हा लावतील. चांगलंच आहे. पण त्या फंक्शनला यादीचा अ‍ॅरे, म्हणजे नावांची अख्खी रांग, देतं माझं फंक्शन. आणि आम्ही वापरतो त्या भाषेत अ‍ॅरे दिला की त्याची प्रत जात नाही, मूळ अ‍ॅरेच समोरच्याच्या हातात पडतो. मला वाटत होतं मी झेरॉक्स दिली. त्याला वाटत होतं झेरॉक्स मिळाली. आणि बाई बिचाऱ्या बाराही महिने मूळ रांगच ढवळत होत्या! संध्याकाळी माझंच फंक्शन ती ढवळलेली रांग इमानाने साठवून ठेवायचं.

आणि फोन न उचलणारे कोण? ज्यांना उठून फोनपर्यंत जाता येत नाही ते! वहिनी कामावर, फोन दाराजवळच्या टेबलावर, अण्णा भिंतीला धरत तिथे पोचेपर्यंत घंटी बंद. मिश्याच्या सासूबाई फोन उशाशी घेऊन बसतात, पहिल्या घंटीला "हॅलो". ज्याला जास्त दुखतं तो मागे. संताप, संताप झाला. कोणावर करायचा तेच कळेना.

दुरुस्ती एका ओळीची निघाली. आधी प्रत काढायची, मग ती द्यायची. केली.

१३ मार्च
मिश्याची माफी मागितली. सलाईनच्या खोक्यावर बसला होता. आधी हातातल्या बाटल्या मोजून संपवल्या. मग म्हणाला, "अगं, सासू बरी झाली की मुक्कामाला आमच्याकडेच येणार! तिला पुढे सरकवायची मला हौस आलीये?" दोघंही हसलो. उद्यापासून तो जागेवर परत येतोय.

साहेबांना म्हटलं, जुन्या नोंदी आहेत, सगळ्यांना आपापल्या जागी आणते. त्यांनी उठून दार लावून घेतलं. "पुढे आलेल्यांना मागे नेणार? बोंब होईल! चूक सुधारली ना? मग मागची झाकली मूठ राहू द्या." आणि मग एकदम मऊ आवाजात, "तुमच्या वडिलांचं मी बघतो."

एवढे गोड कधी बोलत नाहीत. मी "बरं" म्हटलं नाही. "नको"ही म्हटलं नाही.

१४ मार्च
फोनवाल्या बाईंशेजारी बसले. म्हटलं, आज घंटी वाजू द्या, ठेवू नका. खूप वेळाने एका आजींनी उचलला. धाप लागलेली. "आलं का गं माझं बोलावणं?"
"अजून नाही, आजी."
"बरं बरं. मी आहे इथेच."
पुढचा फोन लावायला बाईंना मीच नको म्हटलं.

१६ मार्च
अण्णांना सोमवारची तारीख मिळाली. पहिला नंबर! सकाळपासून मला तीनदा म्हणाले, "माझी लेक आहे म्हणून झालं." बाकीचे होते तिथेच आहेत. आजीसुद्धा.

मिश्याने दुपारी यादी उघडली. अण्णांच्या नावावर बोट ठेवलं. "अगं, दुरुस्त केलंय ना आपण? मग हे नाव वर कसं गेलं?"
मी म्हटलं, "प्रोग्रॅमचीच चूक असेल काहीतरी."